पाऊण माफी

एस.टी.च्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते, हे आम्हाला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळले. त्याआधीची चाळीस वर्षे इंदापूर-बारामती रस्त्यावर आम्ही त्याच गाड्यांतून ये-जा केली होती. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर हे थांबे डोळे मिटूनही सांगता येत. पण पायरी नावाची वस्तू त्या गाडीला आहे, याची नोंद आमच्या पायांनी कधी घेतली नव्हती. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात आम्ही इंदापूर स्थानकावर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन गाडीच्या दारासमोर उभे राहिलो. पाय उचलला, तो अर्ध्यावरच थांबला. मागून कोणा तरुणाने "चढा काका" म्हणत काखेत हात घातला आणि आम्हाला जवळजवळ उचलूनच आत नेले. जागेवर टेकल्यावर ध्यानात आले की त्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत. राहून गेले, की मानावेसे वाटले नाहीत? गाडीने निमगाव मागे टाकले तरी या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आमच्या थोरल्या भावाला, दादाला, हा प्रश्न फार लवकर पडला असावा. तो दोन वर्षांचा असताना पोलिओने त्याचा डावा पाय निकामी केला. 1970च्या दशकात त्याने बारामतीचे कॉलेज धरले आणि इंदापूरहून रोजचे अप-डाऊन सुरू केले. गाडीत चढण्याची त्याची रीत ठरलेली होती. आधी कुबडी आत टाकायची. मग गाडीकडे पाठ करून पायरीवर बसायचे. हातांच्या जोरावर एकेक पायरी मागे सरकत वर जायचे आणि वर पोचल्यावर दांड्याला धरून उभे राहायचे. पावसाळ्यात पायऱ्या चिखलाने भरलेल्या असत. म्हणून त्याच्या पिशवीत वह्यांबरोबर एक जादा पायजमा असे. कॉलेजात पोचल्यावर कपडे बदलून मगच तो वर्गात जाई. घरात हे सर्वांना ठाऊक होते. आई शेजारणींना कौतुकाने सांगे, "माझं पोर जिद्दीचं आहे." आम्हालाही दादाच्या जिद्दीचा अभिमान होता. आज वाटते, जिद्द हा शब्द हाताशी असल्यामुळेच आम्हा कोणाला त्या पायरीकडे पाहावे लागले नाही.

दादाच्या मते कंडक्टर दोन प्रकारचे असत. पहिला प्रकार दादा चढेपर्यंत घंटीच्या दोरीला हात लावत नसे. दुसरा प्रकार कपाळाला आठ्या घालून घड्याळ पाही आणि एखादवेळी दादा दिसताच डबल बेल देई. रोज सकाळी स्टँडवर उभे राहताना आज कोणत्या प्रकाराची ड्यूटी आहे यावर त्याचे शिक्षण अवलंबून असे. चांगल्या कंडक्टरांचे तो मनापासून आभार मानी, पण घरी आल्यावर एकदा म्हणाला होता, "दिवसाला दोन वेळा 'उपकार झाले' म्हणून म्हणून माणूस आतून वाकतो." पुढे तो नोकरीला लागला. अपंगांना एस.टी.च्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत असते, तिचे कार्ड त्याने काढले. तेव्हाचे त्याचे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे चालते : "तिकिटाला पाऊण माफी आहे, पायरीला पैचीही नाही." गाडीच्या आत 'अपंगांसाठी राखीव' असे रंगवलेले आसनही होते. आसन राखून ठेवणाऱ्याने त्या आसनापर्यंत माणूस येणार कसा, याचा विचार दुसऱ्या कोणावर तरी सोपवला होता.

आमचा स्वतःचा अपराध याहून मोठा आहे. आम्ही मराठी शिकवत होतो. संतांची रूपके शिकवताना 'पांगुळ' हमखास येतो. नाथांच्या भारुडांतले आंधळा, बहिरा, मुका येतात. पहाटे दारी येऊन दान मागणारा पांगुळ लोकपरंपरेत होता, संतांनी तो उचलला आणि त्याला जीवाचे रूपक केले. जीव पांगळा, सद्गुरू हात देणारा. हे आम्ही वर्षानुवर्षे रंगून शिकवले. एका वर्षी पहिल्या बाकावर दोन्ही पायांना कॅलिपर लावलेला एक मुलगा बसत असे. 'पांगळेपण म्हणजे येथे आध्यात्मिक असहायता' असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले, त्याने ते मुकाट्याने उतरवून घेतले. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, मी असहाय नाही. मला फक्त वरच्या मजल्यावरचा वर्ग नको आहे." आम्ही हसलो, पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या तासाला वरच्या मजल्यावर निघून गेलो. ज्याच्या घरात दादा होता, त्याने हे करावे! रूपक शिकवणाऱ्याला समोरचा माणूस दिसू नये, ही वाङ्मयाच्या अध्यापकाची व्याधी असावी.

रूपकाचा विषय निघाला आहे तर बारामतीचेच बोलू. आपल्या पंडिती काव्याचा शेवटचा मोठा कवी, मोरोपंत, या गावचा. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते येथे आले, कऱ्हेकाठी राहिले आणि 1794 साली येथेच वारले. त्यांच्या 'केकावली'चे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. केका म्हणजे मोराचा टाहो. भक्ताने देवापुढे फोडलेला तो टाहो मराठीतील याचनेच्या काव्याचा एक उत्तुंग नमुना आहे. देवापुढे याचना करण्यात उणेपणा नाही. मात्र आश्रयदाता, आश्रित आणि आर्जव ही त्रयी या मातीत किती जुनी आहे, हे ध्यानात घेतले की पुढचे राजकारण समजणे सोपे जाते. लोकशाहीत आश्रयदात्याची जागा लोकप्रतिनिधीने घेतली. आर्जवाची भाषा मात्र बदलली नाही.

बारामतीच्या राजकारणाबद्दल लिहिताना दोन्ही बाजूंनी घसरण्याची भीती असते, म्हणून आम्ही दिसलेले तेवढेच लिहितो. शरद पवार 1967 साली येथून प्रथम विधानसभेवर गेले, आणि तेव्हापासून या तालुक्यात शाळा, कॉलेजे, कारखाने, रस्ते उभे राहिले ते कोणाला नाकारता येणार नाहीत. सुप्रिया सुळे 2009 पासून लोकसभेत बारामतीचे प्रतिनिधित्व करतात. इंदापूर हा त्याच मतदारसंघाचा भाग आहे. अपंगांचा प्रश्न त्यांनी सातत्याने हाती घेतला. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानचा अपंग हक्क विकास मंच त्यातून काम करत राहिला. केंद्राच्या एडिप आणि वयोश्री योजनांची शिबिरे या मतदारसंघात झाली. श्रवणयंत्रे, कुबड्या, तीनचाकी सायकली वाटल्या गेल्या. साधनांचा प्रश्न त्यांनी लोकसभेतही मांडला. अशा शिबिराचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी तपासणी आणि मोजमाप होते, यादी कानपूरच्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाकडे जाते, आणि साधने तयार होऊन आली की वाटप होते. लोकप्रतिनिधी मागे लागला नाही तर यादी आणि वाटप यांच्यामध्ये महिने उलटतात. मागे लागणारा असला की फरक पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या चुलतीला ऐंशीव्या वर्षी अशाच एका शिबिरात श्रवणयंत्र मिळाले. पहिल्या दिवशी तिने पंख्याचा आवाज ऐकला आणि "घरात कोण कुजबुजतंय?" म्हणून विचारले. पंधरा वर्षे तिच्याशी कोणी कुजबुजले नव्हते. ज्याला हे क्षुल्लक वाटते, त्याने आमच्या चुलतीच्या घरी एक दुपार काढायला हवी होती. तेव्हा शिबिरांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

दादालाही तीनचाकी सायकल मिळाली. हाताने पॅडल मारायची, हिरव्या रंगाची. ती घेऊन तो घरापासून स्टँडपर्यंत एकटा जाऊ लागला. पन्नास वर्षांत प्रथमच कोणाच्या सोबतीवाचून. पहिल्या आठवड्यात तो उगीचच दिवसातून दोनदा स्टँडवर जाऊन येई. मग एके संध्याकाळी आम्हाला म्हणाला, "सायकलीनं मला गाडीच्या दारापर्यंत आणून सोडलं. आता दार तेवढं उरलं." सायकल गाडीत चढत नाही, टपावर टाकायला हमाल लागतो, आणि सायकलीवरून उतरलेला माणूस पुन्हा पायरीवर पाठ करून बसतो. सायकल ही त्याची झाली होती. गाडी अजून दुसऱ्यांची होती.

या एका वाक्यात कायद्याचा सगळा इतिहास आहे, असे आम्हाला नंतर कायदे वाचताना वाटले. आपल्याकडचा अपंग व्यक्तींचा पहिला सर्वंकष कायदा 1995 सालचा. जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी त्या डिसेंबरात संसदेबाहेर रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तो अधिवेशन संपता संपता मंजूर झाला. त्याच्या 44व्या कलमात बस आणि रेल्वे अपंगांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन होते. पण जोडीला आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून, अशी पुस्ती होती. 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारनाम्याला संमती दिली. त्यातून 2016चा नवा कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि वाहतुकीचे कलम 41 झाले. तेथेही जुनी वाहने सुधारायची ती तांत्रिकदृष्ट्या शक्य, आर्थिकदृष्ट्या परवडणारे आणि रचनेत मोठा बदल न करावा लागणारे असेल तरच. आयुष्यभर वाक्यांचे पृथक्करण केलेल्या माणसाला येथे थांबावेच लागते. मुख्य वाक्यात हक्क आणि गौणवाक्यात सुटका : हीच ती पाऊण माफी. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने याच वृत्तीवर बोट ठेवले. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवणारा नियम 15 न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान नियम करण्यास केंद्राला सांगितले.

शब्दही या काळात बदलत गेले. अपंगाचा विकलांग झाला, डिसेंबर 2015 नंतर दिव्यांग झाला. 3 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. त्यामागे बच्चू कडू यांनी वर्षानुवर्षे केलेल्या आंदोलनांचा रेटा होता. दादाला मात्र कोणत्याच शब्दाचे सोयरसुतक नव्हते. तो स्वतःला सरळ लंगडा म्हणे. "दिव्य काय आहे ते पायरीवर बसून बघ," असे त्याने एका सत्कारसमारंभाहून आल्यावर आम्हाला सुनावले होते.

पायरी खाली आणता येते, हे मात्र या देशाने पाहिलेले आहे. केंद्राच्या नगरविकास खात्याने 2008 साली शहरी बसगाड्यांचे विनिर्देश ठरवले, त्यांत 400 मिलिमीटर, म्हणजे सुमारे सोळा इंच उंचीच्या तळाची गाडी होती. 2009 मध्ये शहरांना गाड्या घेण्यासाठी मदत मिळाली. तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते जयपाल रेड्डी. लहानपणी पोलिओ झालेले, कुबड्या घेऊन संसदेत वावरलेले. कमी उंचीच्या गाड्या पुण्यातही आल्या. पण ती योजना शहरांची होती. इंदापूरहून निघालेला दादा स्वारगेटला उतरे, तेव्हा शेजारून जाणारी खालच्या तळाची गाडी त्याला दिसे. "शहरातल्या लंगड्याचं नशीब बरं," इतकेच तो म्हणे. हक्काची हद्द स्वारगेटला संपत होती.

एस.टी.ची बाजू आम्ही ऐकून घेतली आहे, आणि तीत तथ्य आहे. साध्या गाडीचा सांगाडा मालमोटारीच्या धर्तीच्या चासीवर बसवलेला असतो, खाली आस, स्प्रिंगा आणि सामानाचे कप्पे, वर तळ. तो तळ तीन फुटांच्या खाली येत नाही. खेड्यातला खड्ड्यांचा रस्ता आणि ओढ्यावरचा फरशीपूल सोळा इंचांच्या गाडीला मानवणार नाही. हे सारे मान्य. पण उंच तळाच्या गाडीलाही दारात उचलयंत्र बसवता येते, खाली उघडणारी जादा पायरी देता येते, दोन्ही बाजूंना धरायला दांडे देता येतात, फलाट उंच करता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 27 डिसेंबर 2019 रोजी झालेल्या दुरुस्तीने राखीव आसनांजवळचे दांडे, कुबड्या-काठ्या अडकवण्याची सोय आणि चाकाची खुर्ची चढवून बांधण्याची व्यवस्था यांचा अंतर्भाव केला. 1 मार्च 2020 पासून ती लागूही झाली. शिवाय महामंडळाने आपल्या गाड्या वर्षानुवर्षे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत बांधल्या. दादाची पायरी कोणी परकीय कारखानदार ठरवत नव्हता. ती आमच्याच जिल्ह्यात, दापोडीला, फूटपट्टी लावून ठरत होती.

2 मार्च 2024 रोजी बारामतीच्या नव्या बसस्थानकाचे उद्घाटन झाले. प्रशस्त, देखणे, राज्यात नाव घ्यावे असे स्थानक आहे. आम्ही तेथे बराच वेळ बसलो. फलाटाला लागलेल्या साध्या लाल गाडीचे दार उघडले, आणि एक म्हातारी दोन्ही हातांनी दांडा धरून पायरीला भिडली. मागून कोणीतरी हात दिला. हात देणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. तुकोबांची पालखी याच बारामती-इंदापूर वाटेने पंढरीला जाते. बेलवाडीच्या रिंगणाला चालता न येणाऱ्याला खांद्यावर घेऊन उभे राहिलेले वारकरी आम्ही लहानपणापासून पाहिले. दादालाही एकदा असेच रिंगण दिसले होते, आणि त्या आठवणीने त्याचा चेहरा उजळे. पण वारी वर्षातून एकदा येते, कॉलेज रोज असते. रोजच्या खांद्याचे ओझे खांदा देणाऱ्यापेक्षा त्यावर बसणाऱ्याला अधिक होते.

तेव्हा वारसा कशाला म्हणावे? आमच्यापुरते उत्तर असे आहे. लोकप्रतिनिधीने मिळवून दिलेले साधन हे मोलाचे आहे, पण ते माणसागणिक, शिबिरागणिक, त्या प्रतिनिधीच्या हातून मिळते; आणि घेणाऱ्याला त्या हाताची आठवण ठेवावी लागते. खाली आणलेल्या पायरीवरून चढणाऱ्याला ती कोणी खाली आणली हे ठाऊकही नसते. मतांच्या हिशेबात त्यामुळे तिला किंमत नाही. पोलिओचे उदाहरण समोर आहे. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आजची लहान मुले कोणाचेही आभार न मानता धावत आहेत, आणि ते तसेच असायला हवे. ज्या मतदारसंघात एवढी कर्तृत्वशक्ती आहे, तिने साधनांइतकाच जोर पायरीवर लावला असता तर? राजकारणाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्या कामाची कदर असणाऱ्यालाच आहे, असे आम्ही मानतो.

दादा 2021 साली गेला. हिरवी सायकल अंगणात आहे.

गेल्या पावसाळ्यात तो कॅलिपरवाला विद्यार्थी घरी आला. आता तो शाळामास्तर आहे, आणि रोज एस.टी.नेच जातो. आगाराला एक पत्र द्यायचे होते : गाडी फलाटाला चिकटून लावावी, दाराशी ठेवायला एक सुटी पायरी असावी, प्रवासी बसल्याखेरीज घंटी देऊ नये, आणि कलम 41 प्रमाणे कोणत्या गाड्यांत काय सुधारणा झाली ते कळवावे. "मराठी तुमचे चांगले, सर," तो म्हणाला. आम्ही खुशीत मसुदा केला. 'सविनय सादर करण्यात येते की' ने आरंभ, मध्ये 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा', शेवटी 'उपकृत करावे. आम्ही आपले ऋणी राहू.' अर्जाचा इतका नमुनेदार मायना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोटून घेतला होता.

त्याने कागद वाचला आणि खिशातले पेन काढले. 'सविनय' तसाच ठेवला. 'सहानुभूतिपूर्वक' खोडले. 'उपकृत' खोडले. 'ऋणी' वर थोडा वेळ थांबला, मग तेही खोडले. आता आमच्या मायन्यात फक्त मागण्या, कलमाचा आकडा आणि उत्तराची मुदत एवढेच राहिले होते. "एवढं पुरे, सर," तो म्हणाला. त्याच्या त्या तीन रेघांइतके नेमके पाठ्यसंपादन आम्ही कधी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून पत्र देऊन आलो. आवक क्रमांक पडला. परतीच्या गाडीला तो आमच्यापुढे होता. त्याने कुबड्या आत टाकल्या, गाडीकडे पाठ केली आणि पायरीवर बसला. ती रीत आम्ही पन्नास वर्षांनी पाहत होतो. कंडक्टरने दोरीवरचा हात खाली घेतला आणि तो, आणि त्याच्यामागून आम्ही, चढेपर्यंत थांबला. आम्ही सवयीने आभार मानायला तोंड उघडले. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने तोवर दोन तिकिटांचे पैसे पुढे केले होते. एक पुरे, आणि एक पाऊण माफीचे.